होकार मिळवणाऱ्या डॉक्टर रखमाबाई

आपल्या शाळेतला परिपाठ आठवतो ना? प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार आणि शेवटी कुणीतरी पुढे येऊन सांगायची थोर व्यक्तीची ओळख. माझी पाळी आली की पाय लटपटायचे, आणि मी वहीतले पंधरा-वीस ओळींचे पाठांतर एका दमात म्हणून जागेवर पळायचे. टिळक, आगरकर, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सगळे सांगून झाले होते. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा आपल्याच गावात केली, त्यामुळे ती ओळख तर दरवर्षी कुणीतरी सांगायचेच. रखमाबाई हे नाव मात्र दहावीपर्यंत माझ्या कानावर आले नाही.

ते नाव मला भेटले २२ नोव्हेंबर २०१७ ला, ऑफिसमध्ये. सकाळी संगणक उघडला तर गूगलच्या पहिल्या पानावर साडी नेसलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या एका डॉक्टरांचे चित्र होते. त्या दिवशी त्यांची १५३वी जयंती होती. मी सहज वाचायला घेतले आणि दिवसभर त्याच विचारात राहिले, कारण त्या वेळी मी एका अपयशातून जात होते. आमच्या टीमने एका रुग्णालयातल्या वॉर्डांसाठी सॉफ्टवेअर तयार केले होते. कोणत्या रुग्णाला कधी कोणते औषध द्यायचे हे पडद्यावर दिसेल, चुका टळतील, अशी आमची कल्पना. सॉफ्टवेअर उत्तम चालत होते, पण सिस्टर मंडळी ते वापरत नव्हती. आम्ही मीटिंगमध्ये त्यांनाच दोष देत होतो. रखमाबाईंचे चरित्र वाचल्यावर आपण कुठे चुकलो ते मला कळू लागले. म्हणून माझ्याकडून राहिलेला हा एक परिपाठ आज स्मरणिकेतून सांगते. बाई, या वेळी पाठांतर नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अडीच वर्षांच्या असतानाच गेले. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. हे कुटुंब सुतार समाजातले. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी दुसरे लग्न केले. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले वैद्यक आणि वनस्पतींचे जाणकार. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतल्या दोन भारतीयांपैकी ते एक. औषधे, रोगी, झाडापानांचे नमुने आणि समाजसुधारकांची ये-जा असलेल्या घरात रखमाबाई वाढल्या. पुढे त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले, त्याचे बीज या घरातच पडले असणार.

पण काळ बालविवाहाचा होता. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. दादाजींनी सासरी राहून शिकावे आणि आपल्या पायावर उभे राहावे, असे ठरले होते. ते घडले नाही. दादाजींनी शिक्षण सोडले आणि ते आपल्या मामाकडे राहायला गेले. मुलगी वयात आल्यावर तिला लगेच नवऱ्याकडे पाठवायचे हा रिवाज होता. डॉ. सखाराम अर्जुन यांनी तो पाळायला नकार दिला. कोवळ्या वयातल्या संसाराचा आणि बाळंतपणाचा शरीरावर काय परिणाम होतो हे डॉक्टर म्हणून ते जाणून होते. रखमाबाई आईवडिलांकडेच राहिल्या. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्या घरी वाचत राहिल्या. इंग्रजी त्यांनी असेच, बरेचसे स्वतःच्या हिमतीवर कमावले.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला नांदायला पाठवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या. आपल्या समाजात रागावून माहेरी बसलेल्या बायका तेव्हाही होत्या. कोर्टात उभे राहून, हे लग्न माझ्या अजाण वयात झाले, त्याला माझी संमती नव्हती आणि म्हणून मी जाणार नाही, असे सांगणारी बाई मात्र कुणी पाहिली नव्हती. त्यातच १८८५ मध्ये त्यांचा आधार असलेले डॉ. सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने बालविवाह आणि वैधव्य यांवर दोन पत्रे आली. ती रखमाबाईंची होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. एकत्र संसार झालाच नाही, तर तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा देणार, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय पत्नीला नांदायला पाठवण्याचा हा कोर्टाचा उपाय हिंदू शास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलेला होता. निकालावर गदारोळ उठला. सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये असे म्हणणारा मोठा वर्ग होता, आणि केसरी त्यात पुढे होता. दादाजींनी अपील केले, ते मान्य झाले आणि प्रकरण फेरसुनावणीला गेले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे राहायला जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली.

या तारखेपाशी मी नेहमी थबकते. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, अमेरिकेहून एम. डी. होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या होत्या. बावीस वर्षांचे आयुष्य संपले आणि त्यांना रुग्णसेवा करायला मिळालीच नाही. आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या वयात पाच महिन्यांचेही अंतर नव्हते. एक जण पदवी घेऊन गेली आणि दुसरी तुरुंगाच्या दारात उभी होती. मराठी मुलखात बायकांना बाई डॉक्टर मिळण्याची आशा त्या आठवड्यात किती धूसर झाली असेल!

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. हे प्रकरण इंग्लंडच्या वर्तमानपत्रांपर्यंत गाजले, इथे त्यांच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, आणि जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. या खटल्याने पेटलेली चर्चा पुढेही धुमसत राहिली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले. आज आपल्याला बारा हा आकडा ऐकूनही कसेतरी होते. तेव्हा तेवढ्यासाठीही देश ढवळून निघाला होता.

चोविसाव्या वर्षी रखमाबाई मोकळ्या झाल्या. प्रसिद्धी होती, सहानुभूती होती, भाषणे देत फिरता आले असते. त्यांनी वैद्यक शिकायचे ठरवले. मुंबईत १८८६ मध्ये फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले होते आणि डॉ. एडिथ पीची तिथल्या प्रमुख होत्या. या पीचीबाईंना एडिनबरो विद्यापीठात बाई म्हणून शिकण्यासाठी स्वतःच झगडावे लागले होते. त्यांनी रखमाबाईंना प्रोत्साहन दिले, पैशांची जुळवाजुळव झाली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पुरे झाले. स्कॉटलंडमधल्या वैद्यकीय संस्थांचा परवाना आणि ब्रुसेल्सची एम. डी. घेऊन त्या परतल्या. थोडे दिवस कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

सुरत म्हटले की आपल्या येवलेकरांना आधी जर आठवते. पैठणीच्या पदरावर जो मोर नाचतो तो सुरतेच्या जरीत. संक्रांतीला तीन-तीन दिवस पतंग उडवायची आपली हौससुद्धा गुजरातशी नाते सांगणारी. त्यामुळे ते गाव मला कधी परके वाटले नाही. पण १८९५ मध्ये मुंबईहून, त्यातही विलायतेहून आलेल्या मराठी डॉक्टरीणबाईंना सुरतेच्या बायकांनी परकेच मानले.

इमारत होती, औषधे होती, डॉक्टरही आल्या. पण दवाखान्यात बाळंत व्हायला कुणी येईना. आज आपल्याला याचे नवल वाटेल, म्हणून त्या बायकांच्या जागी उभे राहून पाहू. बाळंतपण घरातच, बहुधा अंधाऱ्या, बंद खोलीत व्हायचे. सुईण ओळखीची असायची, तिनेच सासूची आणि जावांचीही बाळंतपणे केलेली असायची. दवाखाना म्हणजे परक्या माणसांचा स्पर्श, जातीपातीचा विटाळ, आणि ज्याचे आता काही होत नाही त्याला न्यायची जागा. तिथे गेलेली माणसे बरेचदा परत येत नसत, कारण ती अगदी शेवटच्या घटकेलाच आणली जात. म्हणजे भीतीमुळे उशीर, उशिरामुळे मृत्यू आणि मृत्यूमुळे आणखी भीती. आम्ही प्रोग्रामिंगवाले याला लूप म्हणतो. आतून तो आपोआप थांबत नाही, बाहेरून कुणीतरी तोडावा लागतो.

आणि तो तोडणे तातडीचे होते. बाळंतरोग हात आणि हत्यारे स्वच्छ न ठेवल्याने पसरतो हे वैद्यकाला तोवर कळले होते. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू खाली आणले होते. पुढे लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवायची पद्धत आणली. रखमाबाई लंडनला शिकल्या तोवर हे सगळे शिक्षणाचा भाग झाले होते. अडलेल्या बाईला वाचवण्याचे ज्ञान त्यांच्या हातात होते, पण त्या बाईने दवाखान्याचा उंबरा ओलांडल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता.

रखमाबाईंनी काय केले, याची एक हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. बाळंतपणाला कुणी येत नाही हे पाहून त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिचे बाळंतपण तिथे नीट पार पाडले. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप आहेत हे बायकांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे त्यांचा धीर वाढला.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. मग कळले की आमच्या भाषेत याला डेमो म्हणतात, आणि इतका प्रामाणिक डेमो मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. लंडनची पदवी पुढे करून बायकांना अडाणी ठरवणे सोपे होते. रखमाबाईंनी तसे केले नाही. समोरच्या बाईला ज्याची भीती वाटते, तीच गोष्ट तिला समजेल अशा रीतीने घडवून दाखवली आणि पुढचा निर्णय तिच्यावर सोपवला.

त्याच काळात याच्या नेमके उलटही घडत होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबांच्या देखरेखीखाली सोल्जर घराघरांत शिरले. रोगी शोधून त्यांना वेगळे ठेवायचे, हा हेतू वैद्यकाच्या दृष्टीने चूक नव्हता. पण देवघरापर्यंत घुसणे, बायकामाणसांची तपासणी, सामान बाहेर फेकणे यामुळे लोक रोग्यालाच लपवू लागले. शेवटी २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारकडे फौज होती, कायदा होता, पैसा होता, फक्त लोकांचा होकार नव्हता. सुरतेतल्या एकट्या डॉक्टरीणबाई त्या सुमारास तोच होकार एकेका घरातून मिळवत होत्या.

मला वाटते, हे त्यांना जमले ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यामुळे. आपल्याला न विचारता आपल्या शरीराचा आणि आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला तर काय वाटते, हे त्यांनी ऐन विशीत भर कोर्टात सोसले होते. कोर्टाने हुकूम देऊनही माणूस मनाने येत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? ज्या बाईने स्वतःच्या नकाराला किंमत मिळावी म्हणून तुरुंग पत्करायची तयारी केली, तिने रोग्याच्या नकाराचा राग धरला नाही. तो होकारात बदलेपर्यंत काम करत राहिली.

सुरतेत त्या वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. तिथून निवृत्त झाल्यावर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये त्यांनी आणखी सुमारे एक तप काम केले आणि त्या गावात रेडक्रॉसचे कामही उभे केले. पडद्यात राहणाऱ्या बायकांना तपासण्यात त्यांचे सगळे आयुष्य गेले होते. ऊन आणि मोकळी हवा न मिळाल्याने शरीराचे काय होते ते त्यांनी रोज पाहिले होते. म्हणून निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडद्याची चाल बंद व्हावी यासाठी त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

एक गोष्ट मात्र मला आजही पुरती उलगडलेली नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या. जे लग्न त्यांनी भर कोर्टात नाकारले, त्याचे वैधव्य मात्र पाळले. कुणी म्हणेल संस्कार, कुणी म्हणेल लोकलाज. पांढऱ्या साडीतल्या बाईला घराघरांत सहज प्रवेश मिळत असेल, असेही मनात येते. पण त्यांच्या मनात काय होते हे मी ठरवणार नाही. ते त्यांचे त्यांनी ठरवले, आणि त्यांच्या आयुष्याचे सूत्र तेच तर होते. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंना न मिळालेली सगळी वर्षे जणू त्यांनी रुग्णांसाठी वापरली.

आता माझ्या सॉफ्टवेअरचे काय झाले ते सांगते. मी दोन रात्रपाळ्या त्या वॉर्डात स्टुलावर बसून काढल्या आणि फक्त पाहिले. औषध देताना सिस्टरच्या एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली, आणि आमचा पडदा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही मांडलेला औषधांचा क्रम आमच्या सोयीचा होता, त्यांच्या फेरीचा नव्हता. वर्षभर काम करूनही आमच्यापैकी एकानेही त्यांना तुम्हाला हे कसे हवे, असे विचारले नव्हते. आम्ही त्यांना विचारून अर्धे काम पुन्हा केले. त्यानंतर ते वापरायची सक्ती कुणाला करावी लागली नाही.

आपल्या बॅचमध्ये आज डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मेडिकल दुकानवाले आहेत, आशाताई म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्याही आहेत. कामाच्या जागी सोपे उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडावर असते की लोक ऐकत नाहीत. ते म्हणायच्या आधी सुरतेतली ती शेळी आठवावी, एवढेच माझे सांगणे.

आणि एक जुनी बाब. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे दहावीचा निकाल लागायच्या आत लग्न ठरले होते. गुणपत्रिका न्यायला तिचे वडील आले. तिला पुढे शिकायचे होते हे आम्हा मुलींना माहीत होते, पण तिला कुणी विचारले नाही आणि आम्हीही गप्प राहिलो. मागच्या वर्षी ग्रुपवर ती सापडली. तिची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेळाव्याला मुलीला घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे. ती आली तर हे पान त्या मुलीला वाचायला देईन.

परिपाठ संपला. बाई, या वेळी जरा लांबला, माफ करा.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९९७